चौघांचे पहिले पान

"आबा, अंगात शक्ती असलेले चार जण एकत्र येतात, ते नेमके कसे येतात?" हा प्रश्न माझ्या नातीने मला विचारला तेव्हा मी सहाणेवर गंध उगाळीत होतो. पूजेच्या वेळी माझ्याशी कोणी बोलू नये, असा नियम माझ्या पत्नीने घालून दिला होता आणि तिच्या मागेही तो घरात पाळला जात असे. नातीने तो मोडला, त्या अर्थी प्रश्न तिच्यापुरता तातडीचा होता. मी हात थांबवला नाही; पण उत्तर दिले.

"पुराणांत तरी ते कोणाच्या तपाने येतात, वराने येतात, किंवा शापाने."

"मग तुम्हीच सांगा ना. आमचं तिथंच अडलंय."

नात त्या वर्षी नववीत होती आणि ज्या शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, त्याच शाळेत जात होती. तिने आणि तिच्या वर्गातल्या तिघांनी मिळून एक चित्रकथा करावयास घेतली होती. जाड पांढऱ्या कार्डशीटची बारा पाने करावयाची, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती शाळेच्या सभागृहातल्या भिंतीवर ओळीने लावावयाची, असे ठरले होते. कथा चार मुलामुलींची. वय त्यांच्याएवढेच, पण प्रत्येकाच्या अंगी एक अलौकिक शक्ती. मुले त्यांना सुपरहिरो म्हणत. मी त्यांना वीर म्हणत असे, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. हे वीर सातपुड्याच्या पायथ्याशी दडवून ठेवलेले पाणी शोधतात, दडवणाऱ्याशी लढतात आणि पाणी गावात आणतात. लढाईची पाने चितारून झाली होती. पहिलेच पान कोरे होते. हे चौघे एकत्र कसे आले, आणि एकत्र आल्यावर त्यांच्यात कोण कोणाचे ऐकतो, यावर चौघांचे चार पक्ष होते.

आमच्या घरासमोर पत्र्याची पडवी आहे. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर चौघे तेथे येऊन बसले. एक माझी नात. ती कथा लिहिणार. तिच्या वीरांगनेला कोसावरचे ऐकू येई. दुसरा एका माळी बागवानाच्या घरातला मुलगा; त्याच्या घरी वांगी, मेथी, कोथिंबीर पिकते आणि पहाटे बाजाराला जाते. त्याचा वीर धावताना थकत नसे. तिसरा किराणा दुकानदाराचा मुलगा, कातडीबचाऊ दिसणारा पण बोलण्यात धारदार; त्याच्या वीराला डोंगरापलीकडचे दिसे. चौथी मुलगी चित्रे काढणारी. ती गावाच्या खालच्या अंगाला, बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहते. तिच्या वीरांगनेची शक्ती मला सर्वांत विलक्षण वाटली. पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवला की ते पाणी कोठून आले आणि त्यात काय विरघळले आहे, हे तिला कळत असे.

"ही शक्ती तुला कशी सुचली?" मी विचारले.

"माह्या बाबाचं गाव वरवट बकालच्या पुढं हाये," ती म्हणाली. "तिथलं पाणी खारं. माहे आजोबा किडनीनं गेले. आधी कोणी चाखून सांगतलं असतं त वाचले असते."

ती एवढेच बोलली आणि पेन्सिलीला टोक करू लागली. त्या भागातल्या खाऱ्या विहिरी आम्हा सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यावर उपाय म्हणून कोणी एक मुलगी निर्माण करील, हे मला ठाऊक नव्हते.

नातीकडून मला आणखी एक गोष्ट कळली होती. या मुलीला दहावीनंतर चित्रकला शिकावयाची होती. तिचे वडील मालट्रक चालवतात आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात. त्यांनी सांगितले होते की, भिंतीवर लागलेले काम आधी डोळ्यांनी पाहीन, मग काय ते बोलेन. चौघांपैकी तिघांसाठी ही चित्रकथा म्हणजे संमेलनातली एक गंमत होती. चौथीचे पुढचे शिक्षण तिच्यावर टांगलेले होते. स्नेहसंमेलनाला पंधरा दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी वाद बराच वेळ चालला.

"वीज पडते चौघांवर. विषय संपला," बागवानाचा मुलगा म्हणाला.

"आन् चौघं एका जागी काऊन उभे होते बे? वीज पडाची वाट पाहून राह्यले होते का?" दुकानदाराच्या मुलाने विचारले.

"मंग तू सांग."

"एक जण लीडर असते. तो बाकीच्याईले शोधून आणते."

"लीडर कोण, तू?"

"मले डोंगरापलीकडचं दिसते. दिसते त्यालेच शोधता येते ना!"

"अन् ऐकू येतं तिनं काय करायचं? तुझी वाट पाहायची?" नात कडाडली.

चित्रकार मुलगी या वादात पडली नाही. ती तिघांचे हात पाहत होती आणि कागदाच्या कोपऱ्यात ते उतरवीत होती. शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले. वीरांना संस्कृत नावेही माझ्याकडूनच हवी होती. मी खाऱ्या पाण्याची पारख करणारीसाठी 'लवणपरीक्षिका' असे नाव सुचवले, तेव्हा बागवानाचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "आजोबा, येवढी हाक मारेपर्यंत पाणीचोर जामोद गावाच्या पुढं जाईन." नावांचा विषय तेथेच मागे पडला. पहिल्या पानाचे काम मात्र त्यांनी माझ्यावर सोपवले.

मी तीन दिवस ते मनोभावे लिहिले. सातपुड्याच्या एका दरीत वृद्ध ऋषी तप करीत आहे. गावाचे पाणी नाहीसे झाल्यावर चार मुले त्याच्याकडे जातात. ऋषी त्यांना नदीच्या कोरड्या पात्रात उभे करतो, प्रत्येकाच्या ओंजळीत कमंडलूतले पाणी घालतो आणि संकल्प करावयास सांगतो. कोणतेही शुभकार्य संकल्पावाचून आरंभू नये, अशी आमची रीत. देश आणि काळ उच्चारावा, आपले गोत्र आणि नाव सांगावे, काय करणार ते सांगावे आणि ओंजळीतले पाणी सोडावे. माझ्या लिखाणात चौघेही तसेच करतात, आणि पाणी भूमीला लागताच ऋषी प्रसन्न होऊन एकेकाला शक्ती देतो. यात एक गोष्ट मला फार समाधानाची वाटली. कोणी पुढारी नव्हता. चौघांचा संकल्प एकच होता.

मुलांना ते आवडले, किंवा आवडले असे त्यांनी आदराने सांगितले. चित्रकार मुलगी म्हणाली, "करून दाखवा. मले हात काढाचे हायेत." ती माणसे समोर उभी केल्यावाचून चित्र काढीत नसे. म्हणून मी तांब्यापळी आणली आणि ऋषी होऊन उभा राहिलो.

नातीच्या ओंजळीत पाणी घातले. तिने वसिष्ठ गोत्र सांगितले, आपले नाव सांगितले, दूरचे ऐकेन असे म्हणाली आणि पाणी सोडले. दुकानदाराचा मुलगा अडखळला. "थांबा, मी घरी विचारतो," असे म्हणून त्याने एका हाताने फोन काढला, आईला विचारले आणि उत्तर मोठ्याने म्हणून दाखवले. बागवानाचा मुलगा म्हणाला, "माह्या ताईच्या लग्नात भटजीनं काश्यप म्हटलं होतं. तेच लावतो." सगळे हसले. मीही हसलो. मग मी चित्रकार मुलीच्या ओंजळीत पाणी घातले.

ती काही बोलली नाही. मी तिला धीर देण्यासाठी म्हणालो, "सांग बेटा, गोत्र सांग, मग नाव." तिने माझ्याकडे पाहिले, मग बाकीच्या तिघांकडे. ओंजळीतून पाणी बोटांच्या फटींतून गळत होते. ते सगळे गळून गेल्यावर तिने कुर्त्याला हात पुसले, चितारलेली पाने गोळा केली आणि म्हणाली, "मले आज लवकर जाचं हाये."

मला वाटले, संस्कृत शब्दांनी ती बुजली असावी. मी तिला हाक मारून सांगितलेही की, मराठीत म्हटले तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. वर्गात ती येत होती, पण पाने तिच्या घरी होती आणि पहिल्या पानाबद्दल ती कोणाशी बोलत नव्हती. दुकानदाराच्या मुलाने आपल्या एका आत्येभावाकडून उरलेली चित्रे काढून घेऊ असे सुचवले, तेव्हा माझी नात त्याच्याशी दिवसभर बोलली नाही. "तिच्या हातचं नसेल तर भिंतीवर काहीच लागणार नाही," असे तिने मला सांगितले, आणि मग जेवताना, ताटाकडे पाहत, मूळ गोष्ट सांगितली.

"आबा, त्यांच्या घरी गोत्र नसतं. त्यांनी ते सगळं सोडलंय. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं."

मी घास खाली ठेवला. आठव्या वर्षी मी पाठशाळेत गेलो तेव्हा पहिल्या दिवशी गुरुजींना वंदन करताना गोत्र आणि प्रवर म्हणूनच आपली ओळख सांगितली होती. ते इतके लहानपणी जिभेवर बसले की, हा प्रश्न ऐकून कोणी ओंजळीतले पाणी गळेपर्यंत उभे राहील, हे माझ्या ध्यानातच आले नाही. कोणाच्या घरचे काय आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पूर्ण ठाऊक होते. तरी लिहिताना, वाचून दाखवताना आणि पाणी घालताना, तीनही वेळा ते माझ्यापुढे उभे राहिले नाही.

चूक सुधारली पाहिजे असे मी त्याच ताटावर ठरवले, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी चूक केली. ज्याला आपले गोत्र ठाऊक नसेल त्याने काश्यप गोत्र उच्चारावे, अशी शास्त्रात सोय आहे. मी नातीबरोबर निरोप पाठवला की, तिच्या वीरांगनेसाठी काश्यप लिहू. त्यात काही उणे नाही, कित्येक जण तसे म्हणतात. माझ्या दृष्टीने मी दार उघडले होते.

नात शाळेतून परतली ती पाय आपटीत.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आजोबाले सांग, मले उसनं गोत्र नको."

मी रोज संध्याकाळी देवळात निरूपण करतो; त्यानंतर दोन दिवस ते केले नाही. घसा बसला आहे असे सांगितले. ते खोटे होते, आणि त्याचे प्रायश्चित्त मी नंतर केले. मी पडवीत बसून माझेच पान पुनःपुन्हा वाचत होतो. त्यातला ऋषी कोण होता, हे मला दिसू लागले. दाढीपासून कमंडलूपर्यंत तो मीच होतो. चार मुलांनी आपापल्या बुद्धीने आपापल्या शक्ती निर्माण केल्या होत्या, आणि मी त्या त्यांच्याकडून काढून घेऊन ऋषीच्या हातून त्यांना परत देववल्या होत्या. वर देणारा असा मध्ये उभा राहिला की, तू कोणाचा, हे त्याने विचारणे ओघानेच येते. संकल्पाचे पावित्र्य मला तेव्हाही मान्य होते आणि आजही आहे; रोज सकाळी मी तो करतो. पण तो माझा. दुसऱ्याच्या पानावर तो मांडण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. स्नेहसंमेलनाला सात दिवस उरले होते. निरोप पाठवून हे निस्तरणारे नव्हते. रविवारी दुपारी मी धोतर बदलले, काठी घेतली आणि खालच्या वस्तीकडे निघालो. नात बरोबर येते म्हणाली. मी तिला नको म्हटले.

त्या मुलीची आई आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे आणि रोज एसटीने जाऊन येऊन नोकरी करते. ती ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होती. मला पाहून उठली आणि खुर्ची पुढे केली.

"या गुरुजी. ओळखलं का मले?"

मी निरखून पाहिले. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात खिडकीजवळ बसत असे. तिला सगळी विभक्तिरूपे पाठ असत.

"ओळखलं. तुझी चूक काढता येत नसे," मी म्हणालो.

"आता पोरीची काढाले आले का?"

"नाही. माझी सांगायला आलो."

तिने हातातली भाजी खाली ठेवली. "चहा ठेवू का? का तुमचा उपास-बिपास हाये आज?"

"आज उपास नाही. ठेव."

चहा होईपर्यंत मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिला जे सांगावयाचे ते सरळ सांगितले. चारचौघांत मी तुला असे विचारले की त्याचे उत्तर तुझ्याकडे असण्याचे कारण नव्हते, आणि मग जे तुला नको होते तेच पदरात टाकू पाहिले. दोन्ही चुका माझ्या.

"मले राग नाही आला, आजोबा," ती म्हणाली. "मले काय बोलावं ते समजलं नाही. पाणी गळून राह्यलं होतं आन् सगळे माह्याकडं पाहून राह्यले होते. तुमीबी."

तिच्या आईने कप माझ्या हाती दिला. "गुरुजी, तुमच्या वर्गात मी तीन वर्सं बसली. तुमी एकदाबी आमाले गोत्र नाही विचारलं. पाठ झालं का, येवढंच विचारत होते. मी पोरीले तेच सांगून ठेवलं होतं तुमच्याबद्दल." ती पुन्हा भाजी निवडू लागली. "मंग ती घरी आली आन् म्हणे, आई, तू सांगतलं तसे नाहीत ते."

मी चहा प्यालो. फार गोड होता, आमच्याकडे असतो तसाच. कप खाली ठेवून मी मुलीला विचारले, "चित्रे पुरी करशील का?"

"करणारच होती," ती म्हणाली. "आमच्या बाबानं पाहाले येतो म्हटलं हाये. तुमी आले नसते तरी केली असती. उद्या मी येणारच होती तुमच्या पडवीत, सगळ्याईले सांगाले, का ऋषी काढत नाही म्हणून."

"ऋषी नको."

"नको. आन् पहिलं पान आमी ठरवू, चौघं. तुमी फक्त अक्षर लिहा. फुग्यातलं आन् खालचं. आमचं अक्षर वाकडं येते, तुमचं चांगलं हाये."

आई म्हणाली, "काय वं, गुरुजीले कामं सांगून राह्यली!"

"त्याईनंच विचारलं ना, काय करू म्हणून."

मी तसे विचारले नव्हते. पण विचारावयास हवे होते, म्हणून मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच आली. पाने चटईवर पसरली, आणि दुकानदाराच्या मुलाकडे पाहून म्हणाली, "आत्येभावाले बोलावलं नाही का?" तो म्हणाला, "त्याले घोडाबी काढता येत नाही, कुत्रा निंगते." एवढ्यावर ते प्रकरण मिटले. मुलांची प्रकरणे कशी मिटतात, हे मला शिक्षक असतानाही कधी नीट समजले नाही.

पहिले पान मात्र कोरेच होते. वीज पुन्हा पडली, पुढारी पुन्हा निघाला, आणि पुन्हा दोन्ही मोडीत निघाले. मी बोरू तासत बसलो होतो. मध्ये बोलावयाचे नाही असे मी ठरवले होते. इतक्यात वरच्या आळीतून लांबट हाक आली, "नळ आलाऽऽ!"

आमच्या गावात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. कधी चार दिवसांनी, कधी सहा. आणि आले की तासाभरात जाते. हाक ऐकताच माझी नात चटईवरून उठली ती थेट कुंपणाच्या भिंतीवर चढली आणि खालच्या बाजूला तोंड करून तीच हाक तिने पुढे दिली. बागवानाचा मुलगा तोवर फाटकातून बाहेर पळाला होता, कारण मधल्या मैदानात हाक विरते आणि कोणीतरी पळत जाऊन ती शेवटच्या वस्तीत पोहोचवावी लागते. दुकानदाराचा मुलगा शेजारच्या आपल्या घराच्या गच्चीवर गेला आणि तेथून ओरडला, "खाली अजून हांडे लागले नाही बे, जोरात पळ!" चित्रकार मुलगी सर्वांच्या मागून आपल्या घराकडे धावली. दोन मिनिटांत पडवीत मी आणि कोरे पान, एवढेच उरलो.

तासाभराने चौघे परतले. कपडे ओले, दम लागलेला. चित्रकार मुलगी बसली ती एकदम रेघा मारू लागली. भिंतीवर उभी एक मुलगी. धुळीतून पळणारे दोन पाय. गच्चीच्या कठड्यावर वाकलेला एक मुलगा. आणि शेवटच्या घरासमोर, नळाखाली तळहात धरून, पहिला थेंब जिभेला लावणारी चौथी.

"असेच जमले ते," ती म्हणाली. "कोणी बोलावलं नाही त्याईले."

"पहिल्यांदा कधी?" नातीने विचारले. "पहिलं पान आहे, पहिल्यांदाचं पाहिजे."

"चौथीत. आठवत नाही का तुले? मी आठवडाभर शाळेत आली नव्हती."

मग मला ते कळले जे मला पाच वर्षे कळले नव्हते. नळ त्यांच्या वस्तीत सर्वांत शेवटी येतो आणि दाब तोवर ओसरलेला असतो. हाक वेळेवर पोहोचली नाही तर हांडे लागेपर्यंत पाणी गेलेले असते. त्या आठवड्यात आई कामावर, वडील ट्रकवर, म्हणून ती नळाची वाट पाहत घरी बसून होती. माझी नात तिला शोधत गेली, कारण समजले, आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर चढून ओरडू लागली. बागवानाचा मुलगा पळू लागला, आणि दुकानदाराच्या मुलाने आपली गच्ची दिली. ते ओरडणे मी तेव्हा ऐकले होते. माझ्या पाठाच्या वेळी गोंगाट करते म्हणून तिला रागावलोही होतो.

"मग यांच्यात प्रमुख कोण?" मी विचारले. न बोलण्याचा माझा निश्चय तेथे मोडला.

"ज्याले आधी समजलं तो," बागवानाचा मुलगा म्हणाला. "तेवढ्या पुरता."

"आणि एखाद्याने हाक पुढे दिलीच नाही तर?"

हे त्यांना सुचले नव्हते. मग चित्रकार मुलगी सावकाश म्हणाली, "तर त्याची शक्ती जाते."

"कायमची?" दुकानदाराचा मुलगा घाबरला.

"पुढच्या नळापर्यंत."

"सहा दिवस! पाहुण्यात गेलो असलो तरी?"

"सांगून जाचं मंग. तुह्या जागी दुसरा उभा करून."

यावर अर्धा तास कडाक्याचा वाद झाला. आजारी पडला तर काय, झोपला असला तर काय, मुद्दाम दिली नाही आणि चुकून राहिली यांत भेद करावयाचा की नाही. मी धर्मशास्त्राचे निबंध वाचले आहेत; त्यांतही प्रत्येक कलम याहून कसून तपासलेले असते असे नाही. शेवटी ठरले ते असे: शक्ती प्रत्येकाची आपली, पण ती हाक पुढे देईपर्यंतच टिकते; आणि कोणतेही काम पुरे झाले असे तेव्हाच मानावयाचे, जेव्हा शेवटच्या घराचा हांडा भरलेला असेल. नातीने ते वहीत उतरवले.

दोन दिवसांनी पहिल्या पानाचे चित्र रंगून माझ्यापुढे आले. अक्षरांसाठी जागा सोडलेली होती. मी हात धुतले, शाई ढवळली, आणि सवयीने बोरू पानाच्या शिरोभागी नेला. कोणताही कागद 'श्री' लिहिल्यावाचून मी आजवर सुरू केलेला नाही, वाण्याची यादीसुद्धा. बोरू टेकण्याआधी मी थांबलो आणि तिच्याकडे पाहिले.

"वर काही लिहू का?"

तिला समजले. तिने विचार केला. उगीच मन राखण्यासाठी उत्तर दिले नाही. "तुमच्या वहीत लिहा, आजोबा. हे पान आमचं हाये."

मी श्री मनात म्हटली आणि बोरू खाली, पहिल्या फुग्यात टेकवला. 'नळ आला' ही दोन अक्षरी शब्दांची जोडी मी इतक्या सावकाश लिहिली की, बागवानाचा मुलगा म्हणाला, "आजोबा, तोवर नळ जाईन." उरलेल्या पानांना चार संध्याकाळ लागल्या. एकदा बोरूने शाई जास्त घेतली आणि एका वीराच्या तोंडावर शाईचा ठिपका पडला. चित्रकार मुलीने त्याची मिशी केली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिचे वडील आले. ट्रक बसस्थानकाजवळ उभा करून, अंगावरचे खाकी कपडे न बदलता ते सभागृहात शिरले. बाराही पाने त्यांनी क्रमाने पाहिली आणि पुन्हा पहिल्या पानाशी येऊन उभे राहिले. तिची आई थोडी मागे होती. मुलगी बापाच्या शेजारी.

"हे शेवटची कोण? हातावर पाणी घेतलं ते."

"ते चाखून सांगते, कोणतं पाणी प्यावं, कोणतं नाही."

ते त्या चित्राजवळ वाकले. "तुह्या आजोबाच्या वक्ती पायजे होती," असे म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसले. मग माझ्याकडे वळून विचारले, "गुरुजी, अक्षर तुमचं म्हणते ही. आन् बाकी?"

"बाकी सगळे तिचे आणि या तिघांचे," मी म्हणालो. "माझे एक पान होते. ते घेतले गेले नाही."

"काऊन?"

"बरोबर नव्हते."

त्यांनी मान हलवली, जणू हे रोजचेच बोलणे आहे. मग मुलीला म्हणाले, "अकोल्याले चित्रकलेचं कॉलेज हाये म्हणते. पण दहावी आधी. गणितात ऐंशी पायजे मले."

"सत्तर."

"ऐंशी."

"पंच्याहत्तर, बाबा. गणित हाये ते."

"मी शिकवते हिला गणित, काका," माझी नात मध्ये पडली. "ऐंशी पडतील."

"आन् मले कोण शिकवते बे?" दुकानदाराचा मुलगा मागून म्हणाला.